चिखलदऱ्याहून जवळच

मनोहरकाका दर उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जातात आणि चिखलदरा सोडून बाकी सगळं पाहून येतात.

यात मी काही वाढवून सांगत नाही. यवतमाळकडच्या आमच्या वणीतल्या माणसाला मे महिन्यात थंड हवा हवी असेल तर चिखलदऱ्यासारखं दुसरं ठिकाण नाही. लोक तिथं जातात, संध्याकाळी अंगावर शाल घेतात, दरीच्या कडेला उभं राहून फोटो काढतात आणि परत येऊन महिनाभर ती हवा सांगत बसतात. काकाही तिथं जातात. खोली घेतात, बॅगा टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा संपायच्या आत गाडीपाशी उभे असतात.

"कुठं जायचं काका?"

"आहे एक जागा. जवळच आहे."

जवळ म्हणजे काय, याचं काकांचं माप वेगळं आहे. ज्या गावाला जाऊन रात्री झोपायला परत येता येतं, ते जवळ. या मापानं चिखलदऱ्याहून अर्धा विदर्भ आणि थोडा मध्य प्रदेश जवळ पडतो.

काका आमच्या शेजारचे. कोळसा खाणीच्या टाइम ऑफिसात होते. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांची हजेरी घेतली. नोकरी संपली तरी हजेरी सुटली नाही. गाडी कुठूनही निघायची असो, काका मधल्या सीटवर मधोमध बसतात, एकेकाचं नाव घेतात आणि 'हो' ऐकल्याशिवाय ड्रायव्हरला निघू देत नाहीत. आम्ही त्यांच्यासोबत गेलो तेव्हा माझ्या सासूबाई पुढे बसल्या होत्या, काकांच्या डोळ्यांसमोर. तरी त्यांचं नाव घेतलंच. सासूबाई म्हणाल्या, "मनोहर, मी तुले दिसून नाही राह्यली का?"

"दिसून राह्यल्या ना वहिनी. पण हो म्हना."

सासूबाई हो म्हणाल्या. मग गाडी निघाली.

काका बरीच वर्षं आम्हाला बोलावत होते. मागच्या मे महिन्यात आमच्या घरासमोर वाळत घातलेली पांढरी चादर कोळशाच्या धुळीनं संध्याकाळपर्यंत राखाडी झाली, कूलरमधून गरम वारा यायला लागला आणि आमचे हे म्हणाले, "चल, जाऊनच येऊ. चार दिवस थंडाव्यात झोपतो." झोप हा यांचा एकच छंद आहे. समोरचे राठोड सर आणि राठोड मॅडमही तयार झाले. इमरानची मोठी गाडी ठरली. इमरान काकांना दरवर्षी नेतो, त्यामुळे तो कशालाही हो म्हणतो.

मारेगाव मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. यवतमाळला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथून अमरावतीचा रस्ता धरायचा, तर काका म्हणाले, "कळंब जवळच आहे. आलोच आहो तं चिंतामणी करून घेऊ."

कळंब दुसऱ्या दिशेला आहे. हे आम्हाला ठाऊक होतं, इमरानला ठाऊक होतं आणि काकांनाही ठाऊक होतं. पण गणपतीला नाही कोण म्हणणार? दर्शन झालं. पुन्हा यवतमाळ आलं. त्याच चौकात, त्याच रसवंतीवर काकांनी सगळ्यांना पुन्हा उसाचा रस पाजला. चिखलदऱ्याला पोचलो तेव्हा दऱ्या अंधारात गेल्या होत्या. खिडकीतून वारा मात्र असा गार आला की हे जेवायलाही न उठता झोपले.

सकाळी काकांनी दार वाजवून यांना हाक मारली. "विलास, चाल. मुक्तागिरी. जवळच आहे."

मुक्तागिरीला जायचं म्हणजे घाट उतरून खाली यायचं. गार हवेतून एकेक वळण घेत आम्ही पुन्हा आमच्या ओळखीच्या उन्हात आलो. देवळं डोंगरावर, पायऱ्या तापलेल्या. काका पुढे चालत होते. वर एका उंच काळ्या खडकाकडे त्यांनी बोट केलं.

"हा धबधबा."

आम्ही पाहिलं. खडक कोरडा होता. एक माकड बसलं होतं.

"पाणी कुठाय काका?" यांनी विचारलं.

"पाणी पावसाळ्यात. पाणी असलं म्हंजे मागचं काहीच दिसत नाही. आता कसा साफ दिसून राह्यला."

तिथून बहिरम. काकांनी एका मोठ्या उजाड मैदानाशी गाडी थांबवली, आम्हाला उतरवलं आणि म्हणाले, "इथं जत्रा भरते."

"कधी?"

"हिवाळ्यात." मग हात फिरवून दाखवलं, "इकडं हांडीतलं मटन. इकडं पाळणे. त्या बाजूले भांड्यायची दुकानं. पाय ठेवाले जागा नसते, बाप्पा."

आम्ही सहा माणसांनी त्या मैदानात उभं राहून जत्रा पाहिली. राठोड सर शाळेत भूगोल शिकवतात. ते हळूच मला म्हणाले, "काकांसोबत आलं की प्रदेश दिसतो, ऋतू मात्र आपला आपण आणायचा."

गाडीतले काकांचे नियमही होते. कानात वायर घालायची नाही. झोपायचं नाही, डोळा लागलाच तर काका गुडघ्यावर टिचकी मारून म्हणत, "नाला गेला ना, नाला! पाह्यला नाही तू." काकडी ते स्वतः सोलत, मीठ लावत आणि प्रत्येकाच्या हातात देत. खाल्ली की नाही तेही पाहत. राठोड मॅडम रोज आईशी फोनवर गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा भाषेत, बोलायच्या. त्यातलं 'याडी' म्हणजे आई, हे काकांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. मग रोज सकाळी हजेरी झाली की विचारत, "मॅडम, याडी कशी आहे?" ती बरी आहे असं कळलं की गाडी निघे.

त्यानंतरचा दिवस सेमाडोह आणि कोलकासचा. वाघ गेल्याची जागा पाहिली. संध्याकाळी परत आलो तेव्हा बाजारातून फिरून आलेली माणसं रबडी खाऊन ओठ पुसत होती आणि आम्ही अंगावरची धूळ झाडत होतो. यांचा चेहरा मला दिसत होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर चेहऱ्यावरून हवामान कळतं.

पुढच्या सकाळी काका म्हणाले, "सालबर्डी. जवळच..."

"काका," हे पायरीवरच बसले. "मी आज गाडीत बसत नाही."

"काहून? बरं नाही का?"

"बरा आहो. मले इथंच राहाचं आहे. थंड हवेच्या गावी येऊन मी रोज घामानं भिजून राह्यलो. इथं दरी आहे म्हनतात, मी अजून पाह्यली नाही. आम्हाले चिखलदरा पाहू द्या ना!"

काकांनी राठोड सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. मॅडम म्हणाल्या, "आम्हालाही तळ्यावर बोटीत बसायचं होतं, काका." माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी पायातली चप्पल नीट करत होते. शेवटची आशा सासूबाईंवर होती. सासूबाई म्हणाल्या, "मनोहर, माह्ये गुडघे गाडीत ठेवून ठेवून लाकडावानी झाले रे."

काका म्हणाले, "बरं. तुमची खुशी." आणि गाडीकडे गेले.

खरं सांगायचं तर आमचा तो दिवस फार छान गेला. राठोड पतिपत्नी तळ्याकडे गेले. सासूबाईंनी व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि लॉजवाल्या बाईशी मैत्री केली. आम्ही दोघं देवी पॉइंटला गेलो, दरी पाहिली, कांदाभजी खाल्ली, कॉफी प्यायली. यांनी माझा आणि मी यांचा फोटो काढला. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघंच कुठं तरी उगाच बसलो होतो. काका काय करत असतील, हे दुपारपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नाही.

परत आलो तर इमरान लॉजच्या फाटकाशी उभा होता. म्हणाला, "भाभी, जरा काका को देखो. सुबह से गाडी में बैठे हैं. मैंने बोला, चलो, आप को अकेले घुमा के लाता. नहीं बोले."

हे वर जाऊन खाटेवर आडवे झाले. मी गाडीपाशी गेले. काका मधल्या सीटवर मधोमध बसले होते. सगळी दारं उघडी होती. मांडीवर काकडीचं ताट होतं; काकडी सोललेली, मीठ लावलेली आणि वाळून गेलेली.

मी शेजारी बसले. "रागावले का काका?"

"नाही व पोरी. राग कायले येईन? तुमी फिराले आलते, फिरले."

"मग तुम्ही काहून नाही आले? देवी पॉइंट किती चांगला आहे."

"पाह्यला आहे मी."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुही काकू गेली त्या साली एकटाच आलतो इथं. सगळे पॉइंट पाह्यले." काका समोर पाहत बोलत होते. आवाज नेहमीसारखाच, जत्रा दाखवतानाचा. "पॉइंटवर लोकं जोडीनं येतात, नाही तं घरचे सारे येतात. एकटा माणूस दिसला की मोबाईल त्याच्या हाती देतात. काका, एक फोटो काढा ना. दिवसभर मी लोकायचेच फोटो काढले. चांगले काढले. मंग संध्याकाळी खोलीवर आलो तं मले वाटलं, आपन आज इथं होतो हे कोणालेच मालूम नाही."

मी काकडीचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. फार खारट होता.

"गाडीत तसं नसते," काका म्हणाले. "गाडीत कोणी उतरून जात नाही. घरी मी कोणाले म्हनू, चला म्हून?"

मी वर गेले आणि यांना उठवलं. जे ऐकलं ते सांगितलं. हे बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. पंखा बंद होता. तिथं पंख्याची गरज नव्हती. मग उठले, शर्ट घातला, जिन्यातूनच सासूबाईंना हाक मारली, "आई, चाल, गाडीत बस." राठोड मंडळी तळ्यावरून येतच होती. त्यांना यांनी लॉजमध्ये शिरूच दिलं नाही. स्वतः जाऊन काकांच्या बाजूला बसले आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "काका, घ्या हजेरी."

काकांनी हजेरी घेतली. राठोड मॅडमच्या आईची चौकशी केली. पण इमराननं कुठं जायचं विचारलं तेव्हा मात्र गप्प बसले. मग सासूबाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "मनोहर, तूच सांग बाप्पा. आमाले कोणाले रस्ता मालूम आहे?"

काकांनी आम्हाला गावाबाहेर एका उतारावर नेलं. त्या जागेला नाव नव्हतं, चहाची टपरीही नव्हती. रस्ता संपत होता आणि पुढे डोंगर एकदम खाली तुटला होता. खाली सगळं मैदान पसरलं होतं, उन्हाच्या धुरकटीत बुडालेलं. काका कडेला उभे राहिले आणि बोट लांब केलं.

"हे खाली परतवाडा. त्याच्या मागं अमरावती. त्याच्या मागं यवतमाळ. अन् ते, अगदी तिकडं, ते आपली वणी."

आम्ही पाहिलं. धुरकटीशिवाय तिथं काही नव्हतं. भूगोलाचे सर काही बोलायला गेले, तर मॅडमनी त्यांची बाही ओढली.

सासूबाईंनी कपाळावर हात धरला. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालेलं आहे.

"दिसून राह्यली," त्या म्हणाल्या. "घरी लाइट नाही वाटते."

काका हसले. मग सूर्य खाली जाईपर्यंत सासूबाईंना काय काय दिसलं, ते त्या सांगत राहिल्या, आणि काका प्रत्येक गोष्टीला "बरोबर" म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. घाट उतरला, परतवाडा गेला, अमरावती गेली. पुढे नेरजवळ कुठं तरी माझ्या लक्षात आलं की बराच वेळ गाडीत कुणी कुणाला काही दाखवलेलं नाही. मागच्या सीटवरून मी वाकून पाहिलं. काका गाढ झोपले होते. त्यांची मान कलून यांच्या खांद्यावर आली होती, तोंड थोडं उघडं होतं, आणि यांच्या नव्या शर्टावर एक ओला डाग पसरत होता. हे खांबासारखे ताठ बसले होते.

यवतमाळच्या अलीकडे इमराननं आरशातून पाहत विचारलं, "चाय के लिए रुकूं क्या?"

यांनी मान हलवली नाही. नुसता हात उचलून पुढे दाखवला, आणि बोट ओठांवर ठेवलं.