सांगून मारायची उडी

पराते काका शिंकायच्या आधी सांगतात. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे, तीही बिल्डरने हात राखून बांधलेली. त्यामुळे रोज सकाळी “शिंकून राहिलो!” ही घोषणा मला अंथरुणातच ऐकू येते आणि पाठोपाठ शिंक येते. कधीकधी घोषणा होते, पण शिंक येत नाही. मग दहावीचा निकाल वाईट लागलेल्या घरात असते तशी शांतता पलीकडे पसरते. थोड्या वेळाने काकूंचा आवाज येतो, “जाऊ द्या न. उद्या येईल.”

प्रताप नगरात आम्ही राहायला आलो त्याच दिवशी गेटवर एक काटक, ताठ म्हातारा उभा होता. सामानाच्या ट्रककडे बघून तो म्हणाला, “मी आता तुमचं कपाट धरणार.” आणि धरलं. पुढे सोफा तोल जाऊन जिन्यात अडकला, हमाल ओरडत होते, पण हा माणूस कपाटाला हात लावून शांत उभा. सोफ्याचं त्याने सांगितलंच नव्हतं ना! मी गणित शिकवते, मला नेमकेपणा आवडतो, पण त्या दिवशी तो मला अजिबात आवडला नाही.

काका मूळचे नागपूरच्या जुन्या महाल भागातले, विणकरांच्या घरातले. वडील हातमागावर बसत. भावांपैकी कोणी दुकान टाकलं, कोणी नोकरी धरली. काका उडीवर गेले. म्हणजे अक्षरशः. पोरवयात विहिरीत उड्या मारणारं हे पोर कुणीतरी उचलून पोहण्याच्या टँकवर नेलं आणि तिथल्या टॉवरवर चढवलं. मग ते राज्यापर्यंत उड्या मारत गेले आणि त्याच जोरावर सरकारी खात्यात खेळाडू म्हणून लागले. हे मला कळलं तेव्हा मी शेजारधर्म म्हणून विचारलं, “काका, अजून पोहता का?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या चारित्र्याबद्दल काही बोलले.

“मी पोहणारा नाही. उडीवाला आहो. पोहणं म्हणजे काय वं, पाण्यात चालणं. म्हशीबी पोहते.”

“पण उडी मारल्यावर पोहावं लागतंच ना?”

“उडी मारल्यावर बाहेर या लागते. म्हणून हातपाय हालवतो. त्याले पोहणं नाही म्हणत.”

त्यानंतर त्यांनी मला उडीचा कायदा समजावून सांगितला. मी विचारलं नव्हतं, पण “आता मी तुले कायदा सांगणार” असं ते म्हणून बसले होते, त्यामुळे सुटका नव्हती. स्पर्धेत कोणती उडी मारणार ते आधी लिहून द्यायचं असतं. ती माइकवरून पुकारली जाते. मग मारायची तीच. सांगितली एक आणि मारली दुसरी, तर ती कितीही देखणी असो, पाणी इकडचं तिकडे न होवो, पंच शून्य देतात.

“खलास,” काका म्हणाले. “शून्य. अपील नाही.”

बाकीच्या खेळाडूंचा खेळ निवृत्तीनंतर सुटतो. काकांचा कायदा तेवढा राहिला आणि तो त्यांनी भाजी, स्कूटर, जेवण, लग्नकार्य, सगळ्याला लावला. “आता मी दोन पोळ्या खाणार” म्हटल्यावर तिसरी कितीही फुगलेली असो, ताटात पडत नाही. काकूंनी एकदा पुरणपोळीच्या दिवशी डाव साधायचा म्हणून दोन पोळ्या एकात एक लाटल्या. काकांनी त्या सोलून परत दिल्या.

त्यांच्या स्कूटरवर मागे बसणं हा वेगळा प्रकार. आपल्या नागपुरात इंडिकेटर हा गाडीचा दागिना आहे, तो वापरायचा नसतो. काका इंडिकेटर देतात, हात दाखवतात आणि वर ओरडतात, “डावीकडे वळून राहिलो!” एकदा चौकात असं ओरडले आणि बघतात तर डावीकडचा रस्ता खोदून ठेवलेला. मी म्हटलं, सरळ जाऊ. काका उतरले. मलाही उतरवलं. आम्ही दोघांनी ती स्कूटर मातीच्या ढिगाऱ्यावरून पलीकडे नेली. काम करणारे मजूर फावडी टेकवून बघत होते. एकाने काकांना विचारलं, “उधर कुछ काम था क्या?” काम काहीच नव्हतं.

कळमन्याच्या बाजारातही तेच. घरून निघताना “संत्री आणतो” म्हणाले होते. त्या दिवशी संत्री सुकलेली, आंबट, आणि शेजारीच मोसंबी अशी रसाळ की व्यापारीच म्हणाला, “काका, आज मोसंबी न्या.” काकांनी मोसंबीकडे बघितलंसुद्धा नाही. ती संत्री पुढे आठवडाभर आमच्याही घरात होती.

मात्र एकदा मी त्यांना कायद्यात अडकलेलं पाहिलं. त्यांचे ऑफिसातले जुने मित्र वारले, तेव्हा त्यांच्या घरी सांत्वनाला आम्ही बरोबर गेलो होतो. काका दारातच म्हणाले, “मी बसणार. रडणार नाही.” आत फोटोला हार घातलेला, वहिनी कोपऱ्यात. काकांची हनुवटी हलायला लागली. ते उठले, गेटबाहेर रस्त्यावर गेले, तिथे एका सायकलला धरून हमसून रडले, तोंड पुसून परत आले आणि बसले. कायद्यात रस्त्याचा उल्लेख नव्हता.

हे वेड कुठून आलं ते मला काकूंनी सांगितलं. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालताना त्या बोलायला लागतात. काकू सावनेरकडच्या, ठेंगण्या, गोल, आणि नवऱ्याच्या अगदी उलट. त्या काहीच सांगत नाहीत. माहेरी जायचं असलं की पिशवी उचलतात आणि जातात. काकांना दुपारी कळतं.

“लग्न झालं त्या आठवड्यात नवरे लोक सिनेमाले नेते,” काकू म्हणाल्या. “यायनं मले शून्याची गोष्ट सांगतली.”

राज्य स्पर्धेची शेवटची उडी. काका सगळ्यांच्या पुढे. ही उडी नीट झाली की राष्ट्रीय स्पर्धेला जायचं, हे ठरल्यात जमा. माइकवर पुकारलं, पाठमोरी उडी. म्हणजे पाण्याकडे पाठ करून, नुसत्या चवड्यांवर उभं राहून मागे झेपायचं. काकांनी ऐकलं. मान हलवली. आणि आदल्या दिवशीच्या सवयीने ते सरळ चालत गेले आणि पाण्याकडे तोंड करून उडी मारली. आयुष्यातली सगळ्यात सुंदर उडी, असं बघणारे म्हणत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका हसत वर आले. आणि पंचांच्या हातात सगळीकडे शून्य. संघ त्यांच्याशिवाय गेला. पुढच्या वर्षी खांदा दुखावला, मग नोकरी, मग संसार. ती संधी परत आली नाही.

“तुम्ही पाहिलीत का हो त्यांची उडी कधी?” मी विचारलं.

“एकदा गेली होती पाहाले. डोळेच मिटले मी. बस, आवाज ऐकला, बुडुक.”

हे काकांच्या कानावर गेलं तेव्हा ते भिंतीपलीकडून ओरडले, “माझ्या उडीले आवाजच नव्हता! तो दुसऱ्या कोणाचा अशीन!”

या वर्षी मे महिन्यात बातमी आली की तो जुना टँक पाडून नवा बांधणार आणि नव्या नकाशात उडीचा टॉवर नाही. जुना टॉवर जायच्या आधी एका रविवारी सकाळी जुन्या खेळाडूंना बोलावलं होतं. ज्याला जमेल त्याने उडी मारावी, न जमेल त्याने नाश्ता करावा.

आमच्या गल्लीची बैठक पाण्याच्या टँकरबद्दल होती. तिथे काका उभे राहिले आणि म्हणाले, “येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी मी टॉवरच्या मधल्या टप्प्यावरून पाठमोरी उडी मारणार.”

शेवटी कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, “मंग टँकर किती वाजता येते?”

काका सत्तरीचे. मधला टप्पा म्हणजे आमच्या गच्चीएवढा उंच. डॉक्टरांनी प्रेशर तपासलं, ते उत्तम निघालं आणि त्याचं डॉक्टरांनाच वाईट वाटलं. सराव जिन्यात सुरू झाला. शेवटच्या पायरीवर पाठमोरे उभे, टाचा हवेत, हात वर. खालून दूध घेऊन येणाऱ्याला आधी टाचा दिसत. काकू नुसत्या बाजूने निघून जात.

मला राहवलं नाही. “काका, या वयात गरज काय आहे? माझ्या वर्गात शून्य मिळालेली पोरं आज माझ्यापेक्षा मोठ्या गाड्या चालवतात.”

काका पायरीवरून खाली आले. पहिल्यांदाच काही न सांगता बसले.

“ती उडी मी सांगितलेली आहे वं,” ते म्हणाले. “मारलीच नाही अजून. इतकी वर्षं झाली, ती तशीच बाकी आहे. टॉवर गेला तं मंग कुठून मारू?”



रविवारी टँकवर मांडव होता, खुर्च्या होत्या, तर्री पोह्यांचा वास होता. जुने खेळाडू पोटं आत घेऊन एकमेकांना ओळखत होते. एकाने खालच्या फळीवरून उडी मारली, ती पोटावर आपटली आणि पहिल्या रांगेतली सगळी माणसं भिजली. दोन धट्टेकट्टे लाइफगार्ड काठावर उभे होते. मी काकूंच्या शेजारी उभी होते.

काका चड्डीवर बाहेर आले. त्यांचे पाय इतके बारीक असतील असं मला वाटलं नव्हतं. ते शिडी चढायला लागले तशी पोह्यांच्या प्लेटा थांबल्या. माइकवरून पुकारलं, “पराते. पाठमोरी उडी.” आणि काकांनी वरून स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगितलं, “पाठमोरी!”

त्यांनी वाकून खाली बघितलं. मग पाठ केली. टाचा कडेच्या बाहेर आल्या. हात वर गेले. काका तसेच उभे. उभेच. एवढं ताठ आणि इतका वेळ त्या वयात कुणी उभं राहत असेल असं मला वाटत नाही.

मग हात खाली आले. ते वळले आणि एकेक पाय ठेवत शिडीवरून खाली उतरले.

दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या, कुणी हसलं. मागून एक तरणा ओरडला, “क्या काका, डर गए क्या?” काका थेट पाहुण्यांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, “शून्य लिहा.” पाहुण्यांच्या हातात पोह्यांची प्लेट होती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “कुठी लिहू?”

काका बाहेर पार्किंगमध्ये जाऊन स्कूटरला टेकून उभे राहिले. काकू टॉवेल आणायला मांडवात गेल्या होत्या. मी काकांजवळ गेले. राग आला होता मला, कुणावर ते माहीत नाही.

“घाबरलात?”

“नाही. अंगात होती उडी. लागली असती बरोबर.”

“मग?”

काकांनी मांडवाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“खाली पाह्यलं नं मी. तं ही एकदम काठावर उभी. चपला काढलेल्या. पदर खोचलेला. चष्मा काढून ठेवलेला.”

काकू तेव्हा माझ्या शेजारीच होत्या. चपला काढल्या ते मीही बघितलं होतं. फरशी ओली आहे, घसरायला नको, म्हणून काढल्या असतील असं वाटलं होतं मला.

“मी वर नाही आलो तं आत याले,” काका म्हणाले. “तिले पोहता येत नाही वं. गुडघ्याएवढ्या पाण्यात नाही उतरली कधी. ते दोन जण उभे होते काठावर, पण तिले त्याचं काय? मी पाण्यात गेल्यावर वर यायले जेवढा टाइम लागते, तेवढाबी ती थांबली नसती.”

मी दुसरीकडे बघत राहिले.

काकू टॉवेल घेऊन आल्या. चपला पायात, चष्मा डोळ्यावर, पदर नीट. काकांच्या अंगाला पाण्याचा थेंबही लागला नव्हता, केस कोरडे ठणठणीत होते. तरी काकूंनी टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा डोकं पुसायला लागल्या. काकूंचा हात पोचावा म्हणून काकांनी मान खाली वाकवली आणि बराच वेळ पुसू दिलं.