डोहकरसाहेबांची खुर्ची

एका जंगलात, बाळांनो, गाणं फुकट होतं. म्हणून ते कुणी ऐकत नव्हतं.

गाणारा होता एक दयाळ पक्षी. सगळे त्याला बुवा म्हणत. बुवा आता थकले होते. पुढच्या वसंतात गळा साथ देईल की नाही, याची त्यांनाच खात्री नव्हती. त्यांची शिष्या होती बिट्टी खार. तिला सुरातलं ओ की ठो कळत नसे, पण बुवांवर तिचा फार जीव होता. एकदा तरी साऱ्या जंगलानं बुवांना बसून ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

आता जंगल बसायचं म्हणजे मांडव हवा, आणि मांडवामागे फराळ हवा. फराळासाठी हवा प्रायोजक. प्रायोजक म्हणजे काय? जो खर्च करतो आणि गाणाऱ्याहून मोठ्या अक्षरात आपलं नाव लावतो, तो.

बिट्टी गेली मधुकररावांकडे. हे अस्वल. जंगलातला सगळा मध यांच्याकडे.

"मध द्याल का? मांडवावर तुमचं नाव लावू."

"देऊ की. आणखी कोण कोण देतंय?"

"तुम्हीच पहिले."

"मग आधी दंताळेशेठना विचारून ये."

दंताळेशेठ म्हणजे हत्ती, उसाचे मालक. त्यांनी कान हलवत विचारलं, "मधुकररावांनी किती दिलं?" आणि बिट्टीला परत पाठवलं.

अशा फेऱ्या मारून बिट्टी वैतागली. शेवटी तिनं अस्वलाला ठणकावून सांगितलं, "मुख्य प्रायोजक ठरलेत, डोहकरसाहेब. सहप्रायोजक व्हायचं तर बघा, जागा संपत आलीय."

डोहकरसाहेब नावाचं त्या जंगलात कुणीच नव्हतं. समोर नदीचा डोह दिसला, म्हणून बिट्टीला ते नाव सुचलं.

"कोण, आपले डोहकर?" मधुकरराव ताडकन उठले. "अगं, परवाच जेवलो त्यांच्याबरोबर. मधाची पोळी घेऊन जा."

दंताळेशेठ तर गहिवरलेच. "आमच्याच कळपातला माणूस. सोंड बघितलीस ना त्यांची?" त्यांनी मांडवासकट ऊस दिला. मग दोघांनी मिळून समिती केली, बिट्टीला तिच्यावर घेतलं आणि सगळी कामं तिच्याच गळ्यात घातली.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. संध्याकाळी सगळं जंगल लोटलं. व्यासपीठावर मधोमध मोठी खुर्ची होती. तिच्या एका बाजूला अस्वल, दुसऱ्या बाजूला हत्ती. बुवा कोपऱ्यात गळा साफ करत होते.

"सुरू करू या का?" बिट्टीनं विचारलं.

"साहेब आल्याशिवाय?" मधुकरराव दचकले. "काय म्हणतील ते?"

मंडळी थांबली. ऊन डोंगराच्या टोकाला गेलं. अंधार पडला की दयाळाचा गळा मिटतो, हे बिट्टीला ठाऊक होतं. बुवा आभाळाकडे बघत होते. ते बघून बिट्टीला रडू फुटलं. तिनं सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं.

"साहेब येणार नाहीत. डोहकरसाहेब नाहीतच. मी खोटं बोलले."

मग मधुकरराव गरजले, "माझ्या पंक्तीला बसलेल्या माणसाला तू नाही म्हणतेस?"

"माझ्या मावसभावाला?" दंताळेशेठ म्हणाले.

बिट्टीला तिथल्या तिथे समितीतून काढलं आणि मांडवाबाहेर उभं केलं. पण आता साहेब आहेत हे सिद्ध करणं भाग होतं. मधुकररावांनी घसा खाकरला. "साहेबांचा आत्ताच निरोप आला. त्यांना उशीर होईल. सुरू करा म्हणालेत."

"मला तर त्याच्याही आधी आला," दंताळेशेठ म्हणाले.

झालं. रिकाम्या खुर्चीवर शाल पांघरली, समोर नारळ ठेवला, आणि बुवा गायले. असे गायले की फराळाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. मांडवाबाहेर बिट्टी डोळे पुसत होती आणि हसत होती. तिच्याइतकं सुखी त्या संध्याकाळी कुणी नव्हतं.

आभारात डोहकरसाहेबांचं नाव सगळ्यात आधी आलं. बिट्टीचं राहून गेलं.

घरी जाताना बुवा तिला म्हणाले, "तुमचे साहेब खरे दर्दी बरं का. गाणं चालू असताना मधे एक शब्द बोलले नाहीत."

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरंच बोलावं. खोटं बोललात तर समितीवर घेतात आणि सगळी कामं करायला लावतात. खरं बोललात की बाहेर काढतात, आणि बाहेर उभं राहून गाणं निवांत ऐकता येतं.