संशयातीत तार

लोणावळ्याच्या रुग्णवाहन मंडळाच्या मोटारीची बॅटरी रोज रात्री उतरते, ही गोष्ट एकोणीसशे चौतीस सालच्या दिवाळीनंतर मंडळाच्या कानावर आली. कानावर आली असं मी मुद्दाम म्हणतो. डोळ्यांना ती त्याआधीपासून दिसत होती, पण मंडळाला डोळ्यांनी दिसलेलं चालत नाही, सभेपुढे यावं लागतं. मी या मंडळाचा चिटणीस. मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून शिस्त लावायला माझ्या हाताशी एवढं एक मंडळच उरलं आहे.

मोटार आजाऱ्यांना आणि अडलेल्या बायकांना मावळातल्या गावांहून दवाखान्यात आणण्यासाठी होती. ती लाकडाचे व्यापारी दत्तोबाशेठ यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ दिली. मागच्या बाजूला पितळी पाटी होती. तिच्यावर 'मातोश्री नंदाबाई' ही अक्षरं मुगाएवढी आणि 'दत्तोबाशेठ यांजकडून सप्रेम भेट' ही वीतभर. पाटीवर उजेड पाडायला विजेचा दिवा होता. तो रात्रंदिवस जळावा अशी शेठजींची अट होती आणि कोणी विझवू नये म्हणून त्यांनी त्याला बटणच बसवू दिलं नव्हतं. अशी मोटार पुणे जिल्ह्यात दुसरी नसेल.

या मोटारीवर सगळ्यात जास्त लक्ष होतं ते मळवलीच्या कोंडाजीचं. त्याची बायको शालूबाई गेल्या खेपेला अडली, तेव्हा तो तिला बैलगाडीतून आणत होता. वाकसईच्या खाचखळग्यांत ती गाडीतच बाळंत झाली आणि मूल हाती लागलं नाही. पुढे मोटारीच्या तेलपाण्यासाठी वर्गणी निघाली तेव्हा कोंडाजीने आंबेमोहराचं एक पोतं आणून टाकलं, पावतीसुद्धा मागितली नाही. आता शालूबाईला पुन्हा दिवस गेले होते. दर बाजाराला तो मंडळाच्या दारात यायचा, मोटारीला एक प्रदक्षिणा घालायचा आणि विचारायचा, "मास्तर, चालू हाय न्हवं?" मी म्हणायचो, "विचाराधीन आहे." तो मान डोलवून जायचा.

पहिल्या सभेत मी विषय मांडला. एक वयोवृद्ध सभासद झोपेतून जागे होऊन म्हणाले, बॅटरी उतरते ती कोणाकडे उतरते? लोणावळ्यात पाहुणे कोणाच्या ना कोणाच्या बंगल्यावर उतरतातच, तेव्हा त्यांची शंका अगदीच गैर नव्हती. त्यांना समजावून सांगेपर्यंत दिवेलागण झाली. मग शेठजींनी स्वतः मत दिलं की मोटारीला दृष्ट लागली असावी. त्याप्रमाणे नारळ ओवाळून मोटारीची दृष्ट उतरवण्यात आली. दृष्ट उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीही उतरलेली होती.

मग संशय ड्रायव्हरवर गेला, कारण तो सगळ्यात स्वस्त पडतो. आमचा ड्रायव्हर हौशीराम, टाकवे बुद्रुकचा. तो रात्री वीज विकतो की काय, अशी अध्यक्ष दिगंबरपंतांनी पृच्छा केली. हौशीरामने कानांवर हात ठेवले. तेव्हा भिमाजी नावाच्या माणसाला रात्रभर मोटारीवर पहाऱ्याला बसवलं. सकाळी भिमाजीने सांगितलं की कोणी फिरकलंसुद्धा नाही आणि याची त्याला पक्की खात्री आहे, कारण पाटीच्या दिव्याचा इतका लख्ख उजेड होता की मांजर गेलं असतं तरी दिसलं असतं. आम्ही त्याच्या दक्षतेची नोंद घेतली.

शेवटी तळेगावहून अंबाजी मिस्त्रीला बोलावलं. त्याची रीत सोपी होती. बॅटरी भरून आणायची, रात्री एक तार सोडून ठेवायची, सकाळी बघायचं. जी सोडल्यावर बॅटरी उतरणार नाही, ती तार चोर. पहिल्या रात्री पुढच्या दिव्यांची तार सोडली, बॅटरी उतरली. मग भोंग्याची सोडली, तरी उतरली. असं करत करत सगळ्या तारा सुटल्या आणि एकच उरली. मिस्त्रीने तिला हात घातला तसे दिगंबरपंत म्हणाले, "हात मागे घ्या."

मिस्त्री म्हणाला, आता हीच राहिली आहे. पंत म्हणाले, म्हणूनच. त्यांनी तिथल्या तिथे ठराव सांगितला आणि मी लिहून घेतला: 'सर्व संशयित तारांची कसून चौकशी झाली असून, उर्वरित तार दात्याच्या नावाची असल्याने संशयातीत आहे.' मिस्त्रीने आमच्याकडे पाहिलं, हत्यारं गोळा केली आणि पुढच्या गाडीची चौकशी केली. आडमुठा मनुष्य.

इंजिनाच्या ठिणगीची तेवढी वगळता सोडलेल्या तारा परत जोडायच्या नाहीत, कारण आधीच अशक्त झालेल्या बॅटरीवर भार कशाला, असंही ठरलं. भोंग्याऐवजी हौशीरामने तोंडाने ओरडावं आणि दिव्यांऐवजी पुढे कंदील टांगावा. तेवढ्याने बॅटरी सावरली नाही, तेव्हा मोटार सुरू करण्यापुरती एक बैलजोडी मंजूर झाली. बैल कोणाचे, हे मात्र ठरावात राहून गेलं.

आणि एका दुपारी कोंडाजी आला. बाजाराचा दिवस नव्हता. शालूबाईला कळा सुरू झाल्या होत्या आणि तो बैलगाडी दामटत आला होता. त्याने या वेळी प्रदक्षिणा घातली नाही. "काडा मोटार," एवढंच म्हणाला.

ठरावाप्रमाणे त्याचेच बैल मोटारीला जुंपले. मंडळाचा प्रतिनिधी म्हणून मी आत बसलो. बैलांनी वलवणपर्यंत ओढलं तरी इंजिन हूं की चूं करेना. तेव्हा ओढायचंच आहे तर मळवलीपर्यंत ओढू, असा व्यवहारी निर्णय मी घेतला. मळवलीत सुईण धोंडाबाईने शालूबाईला धरून आत बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी बसली. मूल आडवं आहे, घरी व्हायचं काम नाही, दवाखाना लवकर गाठा, असं तिने एकदाच सांगितलं. आम्ही त्याच बैलांनी परत निघालो. रबरी चाकांमुळे धक्के कमी बसत होते, हे शेठजींच्या बाजूने नमूद केलं पाहिजे.

वाकसई आली तेव्हा अंधारून आलं होतं. बैलांच्या तोंडाला फेस आला होता आणि आतून शालूबाईचा आवाज येईनासा झाला होता. पुढे कंदील मिणमिणत होता, मागे शेठजींचं नाव झळकत होतं. हौशीराम माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, ती पाटीची तार काडू द्या. बॅटरीत ठिणगीपुरतं आजून हाय. बैलांनी एकदा जोरात वढलं तर इंजिन धरंल."

हे त्याने सांगायला नको होतं. मला ठाऊक होतं, पंतांना ठाऊक होतं, पहिल्या सभेपासून सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. पण एकट्या चिटणीसाला ठराव फिरवता येत नाही. मी म्हणालो, निदान पाच सभासद हवेत. कोंडाजी बैलांना धरून उभा होता. वाकसईचा तोच रस्ता. तो मागे गेला, कमरेच्या आकडीतला कोयता काढला आणि तार तोडली. शेठजींचं नाव अंधारात गेलं. मग त्याने बैलांच्या पाठीवर असा काही आसूड ओढला की मोटार एक हिसका देऊन धडधडू लागली.

दवाखान्यात शालूबाई बाळंत झाली. मुलगा. दोघंही सुखरूप. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या रात्री बॅटरी उतरली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. याचं कारण शोधायला मंडळाची तातडीची सभा भरली आणि नारळाचा गुण उशिरा आला, असा निष्कर्ष निघाला. आता तुटलेली तार जोडायची एवढंच बाकी होतं. पंतांनी जाब विचारायला कोंडाजीला बोलावणं धाडलं.

कोंडाजी पेढे घेऊन आला. अंधारल्या पाटीसमोर उभा राहिला. तार पुन्हा जोडणार का, असं त्याने विचारलं. जोडावी लागेल, मी म्हणालो. आता हा भांडणार, त्या रात्रीचं सगळं बाहेर काढणार, म्हणून मी सभेची वही मिटून ठेवली. त्याने डोकं खाजवलं.

"जोडतायच तर मास्तर, मीबी पोतंभर तांदूळ दिल्यालं हायेत. खालतीकडं माज्या पोराचं नाव घालाल का? बारीकच." मग पाटीकडे निरखून पाहत म्हणाला, "पर दोन वळी झाल्या तर एक दिवा पुरायचा न्हाई."

ठराव एकमताने मंजूर झाला. आता पाटीवर दोन दिवे आहेत आणि बॅटरी मध्यरात्रीच्या आधीच उतरते. उर्से गावचा गेणू हल्ली दर बाजाराला येतो. त्याच्या बायकोला सातवा लागला आहे. तो मोटारीला प्रदक्षिणा घालतो, तारेकडे पाहतो, मग पाटीकडे पाहतो. पाटीवर अजून जागा आहे.

आपण हसत आहात. हसा. दोष बॅटरीच्या लहानपणात असल्याचं आता सिद्ध झालं असून, मोठ्या बॅटरीसाठी मंडळाने वर्गणी सुरू केली आहे. आपलंही नाव पाटीवर येईल. मात्र मनातल्या मनात आपण ते आत्ता जिथे लिहून पाहिलंत, ती जागा शेठजींची आहे. जरा खाली सरका.