लिफ्टचं बटण आणि कप्तानाची बाजू

शिकल्यासवरल्या माणसांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावं आणि खुनी माणसांना समजून घ्यावं, यात वावगं काही नाही. या आठ मजली इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पूर्वी पाण्याच्या टाकीवरून भांडणं व्हायची. पुढे 'सातवं तळघर' ही मालिका सुरू झाली, भांडणं मागे पडली आणि त्याच हॉलमध्ये, त्याच खुर्च्यांवर, 'सातवं तळघर रसिक मंडळ' रीतसर स्थापन झालं. टाकी अजून गळते.

मालिकेत जग जळून गेलं आहे. वर राख आणि खाली तळघरं, अशी एकंदर व्यवस्था. सातव्या तळघराचा एक कप्तान आहे. पहिल्याच भागात तो लोखंडी दरवाजा तीनशे माणसांच्या तोंडावर लावून घेतो, आणि त्या तीनशेंत त्याचा सख्खा मेहुणाही असतो. दरवाजा लागल्यावर कप्तान त्याला पाठ टेकून उभा राहतो आणि त्याच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो. त्या थेंबावर मंडळाच्या चार सभा झाल्या. उजव्या डोळ्यातून का नाही, हा प्रश्न अभ्यासासाठी 'नैतिक गुंतागुंत आकलन उपसमिती'कडे सोपवला आहे.

मंडळाची शिस्त कडक. सभेत 'वाईट' हा शब्द उच्चारायला बंदी. खुनाला 'कठीण निर्णय' म्हणायचं, दगाफटक्याला 'भावनिक अपरिहार्यता'. दर आठवड्याला एका सभासदाने एका पात्राचं वकीलपत्र घ्यायचं आणि त्याची बाजू मांडायची. विहिरीत विष कालवणाऱ्या आत्याची बाजू मांडताना मंडळाच्या चिटणीसबाईंचा असा काही कंठ दाटून आला की पाणी प्यायला दिलं, तर तेवढ्यापुरतं त्यांनी ते नको म्हटलं. बाजू मांडून झाली की सगळे त्या पात्रासाठी क्षणभर उभे राहायचे. मेलेल्यांसाठी उभं राहायची पद्धत नव्हती, कारण व्यक्तिरेखा म्हणून ते तितकेसे विकसित झालेले नव्हते.

मंडळाचे अध्यक्ष सातव्या मजल्यावर राहायचे. उभी हयात त्यांनी एका विमा कंपनीत लोकांचे दावे नामंजूर करण्यात घालवली होती. घर जळालेला माणूस समोर रडत बसला तरी त्यांनी त्याला आधी काडेपेटी कुठे ठेवता ते विचारलं होतं. निवृत्त झाल्यावर मात्र या गृहस्थाच्या मनात माणसांविषयी अपार सहानुभूती दाटून आली, फक्त ती माणसं पडद्यावर असावी लागत. अलीकडेच त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून सभेत त्यांना उशीवाली खुर्ची असे.

आणि सहाव्या मजल्यावर राहायचे दातांचे डॉक्टर, ज्यांची ही गोष्ट आहे. माणूस साधा, सरळ, मनात एक आणि ओठांवर तेच. धंद्यामुळे त्यांना एक खोड जडली होती. दिवसभर समोरच्या माणसाचं तोंड उघडं, पण त्याला बोलता येत नाही, अशी सुखाची परिस्थिती. त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवयच राहिली नव्हती. मंडळाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पण त्यांच्या लेकीचं आणि अध्यक्षांच्या मुलाचं जमलं होतं. मुलगा गुणी, व्हायोलिन शिकवायचा. लेक त्याच्यावर जीव टाकायची, डॉक्टरांनाही तो मनापासून आवडायचा. अडलं होतं ते अध्यक्षांच्या होकारापाशी, कारण सोयरीक करायची ती 'संवेदनशील प्रेक्षकां'शीच, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. लेकीच्या सुखासाठी बापाला काय काय करावं लागतं! डॉक्टर मंडळाचे सभासद झाले.

पहिल्याच सभेत त्यांनी माती खाल्ली. अध्यक्ष कप्तानाच्या एकाकीपणावर बोलत होते. दरवाजा लावण्याचं ओझं तो एकटा कसं वाहतो, हे सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला होता. ते संपल्यावर डॉक्टरांनी हात वर केला आणि निरागसपणे विचारलं, की ते सगळं ठीक आहे, पण बाहेरच्या तीनशेंचं पुढे काय झालं?

लेकीने टेबलाखालून बापाच्या पायावर पाय दिला. चिटणीसबाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं की नवीन सभासदांचं असं होतं, सुरुवातीला लक्ष मेलेल्यांकडेच जातं. अध्यक्षांनी डॉक्टरांकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने ते पूर्वी दावेदारांकडे पाहत असावेत. होकार पुढच्या आठवड्यावर गेला आणि मग त्याच्या पुढच्या.

डॉक्टर चिकाटीचे. त्यांनी आत्याचं वकीलपत्र घेतलं, कप्तानाच्या थेंबाची बाजू मांडली, 'अपरिहार्यता' हा शब्द आरशासमोर उभं राहून घोटला. इतरही घोटतच होते. इमारतीचा पहारेकरी खुर्चीत घोरताना सापडला, तेव्हा तोही म्हणाला की आपल्या प्रवासातला हा अंधारा टप्पा आहे. अध्यक्षांनी त्याला तिथल्या तिथे झापलं. मंडळाच्या धोरणानुसार गुंतागुंत फक्त पडद्यावरच्या माणसांना लागू होती. पगारी माणसांना साधा नियम.

पण अध्यक्षांनी एक त्रास चालूच ठेवला. डॉक्टर जिथे दिसतील तिथे ते त्यांना गाठायचे आणि नवव्या भागाविषयी बोलायचे. दवाखान्याच्या दारात, जिन्याशी, कचऱ्याच्या डब्यापाशी. नववा भाग संपत नव्हता. बिचारे डॉक्टर मान डोलवून डोलवून मानेला पट्टा लावायच्या बेताला आले होते. त्यात त्यांची काय चूक, तुम्हीच सांगा.

असं असताना तो दिवस उगवला. डॉक्टर, त्यांची बायको आणि लेक बाजारातून आले होते. हातात पिशव्या, पाय दुखतायत, लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे शिंपीकाका कापडाचा गठ्ठा घेऊन आधीच उभे. लिफ्टवर पाटी आहे, चार माणसांपुरती. मागे एकदा पाचवा माणूस शिरला तेव्हा ती मधेच अडकली होती आणि आतल्यांना बाहेर काढायला बंबवाले बोलवावे लागले होते. हे तिघं आत शिरतात न शिरतात तोच फाटकातून आवाज आला, "थांबा! डॉक्टर, थांबा!"

अध्यक्ष येत होते. एक हात वर केलेला, दुसऱ्या हातात कसलासा खोका, आणि चेहऱ्यावर अत्यंत महत्त्वाचं काही सांगायचं असल्याचा भाव. डॉक्टरांच्या मनात एका क्षणात बरंच काही येऊन गेलं. लिफ्ट अडकेल. गठ्ठा उतरवायला वेळ लागेल. बायको दमली आहे. आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, नववा भाग. त्यांचं बोट बटणावर गेलं. दार लागता लागता दोघांची नजरानजर झाली, आणि अध्यक्षांना चेहरा दिसला नसेल एखादे वेळी, पण बोट स्वच्छ दिसलं.

संध्याकाळी तातडीची सभा बोलावली गेली. विषयपत्रिकेवर एकच विषय होता: सहाव्या मजल्यावरील सभासदाचे वर्तन. अध्यक्ष लंगडत आले आणि उशीवाल्या खुर्चीत बसले.

"डॉक्टर, मी थांबा म्हणालो ते ऐकू आलं होतं?"

"आलं होतं," डॉक्टर म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नाही.

"मग बटण का दाबलंत?"

"तो एक कठीण निर्णय होता. जागा चौघांची होती. पाचवा घेतला असता तर सगळेच अडकले असते. मी आतल्यांचा विचार केला."

ही कप्तानाचीच बाजू होती, शब्दन् शब्द. अध्यक्षांनीच ती शिकवली होती. चिटणीसबाई सवयीने डॉक्टरांसाठी अर्ध्या उभ्याही राहिल्या आणि मग भान येऊन खाली बसल्या.

"कप्तानाला पश्चात्ताप झाला होता," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला झाला?"

"झाला की. दुसऱ्या मजल्यापर्यंत होता."

"कप्तानाला भूतकाळ आहे, डॉक्टर. जखमा आहेत. तुम्हाला काय आहे? सहावा मजला."

उपसमितीने पाच मिनिटांत अहवाल दिला. सदर सभासदाच्या व्यक्तिरेखेत कोणतीही गुंतागुंत आढळून येत नाही. कृत्य साधे, सरळ व वाईट आहे. 'वाईट' शब्दावरची बंदी या एका वाक्यापुरती उठवण्यात आली. सोयरिकीचा विषय पुढील सूचना मिळेपर्यंत तहकूब. लेक सभेतून तडक उठून गेली आणि रात्री जेवली नाही. एका बोटापायी पोरीचा संसार उभा राहण्याआधीच बसला होता, आणि ते बोट त्यांचं स्वतःचं होतं.

दुसऱ्या दिवशी लेक बापासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले, पण डोकं ठिकाणावर. "बाबा," ती म्हणाली, "बटण दाबलंत ते दाबलंत. पण संगीताशिवाय दाबलंत. तिथे घोटाळा झाला."

पुढच्या सभेत डॉक्टरांनी आपली बाजू पुन्हा मांडायची परवानगी मागितली. लेकीने हॉलमधले दिवे घालवले, एकच ठेवला. अध्यक्षांचा मुलगा कोपऱ्यात व्हायोलिन घेऊन बसला आणि त्याने असा काही संथ सूर धरला की दोन माणसं आधीच नाक पुसू लागली. डॉक्टर दिव्याखाली उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं की लहानपणी एकदा त्यांचा हात आजीच्या हातात होता, एक लिफ्ट होती, तिचं दार लागू लागलं, आजी आत गेली आणि ते बाहेर राहिले. लोखंडी दाराचा तो आवाज अजून कानातून जात नाही. लिफ्टचं दार उघडं दिसलं की त्यांच्यातलं ते लहान मूल घाबरतं, आणि बोट आपोआप बटणाकडे जातं.

डॉक्टर एका बैठ्या घरात वाढले होते आणि त्यांनी पहिली लिफ्ट पाहिली ती लग्न झाल्यावर. हे बायकोला पक्कं ठाऊक होतं. ती पदराआड तोंड लपवून गदगदत होती. तिला हुंदके आवरत नाहीत असं समजून शेजारणीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

अध्यक्ष उठले. ज्यांनी हयातीत एकाही दावेदाराचं पुराव्याशिवाय ऐकलं नव्हतं, त्यांनी काहीही विचारलं नाही. आजी कोणाची, लिफ्ट कुठली, काही नाही. ते लंगडत दिव्याखाली आले आणि त्यांनी डॉक्टरांना मिठी मारली. त्यांच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब ओघळला. सगळी सभा उभी राहिली. सोयरीक त्याच बैठकीत एकमताने मंजूर झाली, आणि मुलाने तोच सूर दुप्पट वेगाने वाजवला तेव्हा तो चांगला नाचण्याजोगा निघाला.

चहाच्या वेळी डॉक्टर खुशीत होते. अध्यक्षांची सून व्हायला निघालेल्या लेकीकडे पाहत होते. तेवढ्यात त्यांच्या बायकोने विहीणबाईंना सहज विचारलं, की अहो, तुमच्याकडे होकाराचं नक्की कधी ठरलं होतं?

"त्या लिफ्टच्या दिवशीच," विहीणबाई म्हणाल्या. "सकाळीच हे म्हणाले, पुरे झालं आता, माणूस चांगला आहे. केक घेऊन तुमच्याकडेच यायला निघाले होते. लिफ्ट सुटली, ती परत यायची वाट बघवेना म्हणून जिन्याने चढले. पाचव्या मजल्यावर गुडघा भरून आला, तिथेच पायरीवर बसले. खोका हातातून निसटला. केक जिन्याभर."

डॉक्टरांचा कप हातातच राहिला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर नवे व्याही उशीवर पाय ठेवून बसले होते आणि चिटणीसबाईंना नववा भाग सांगत होते. डॉक्टर उठले, त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, की सुरुवातीपासून सांगा. अध्यक्षांनी सुरुवातीपासून सांगितलं. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा मधे तोंड घातलं नाही.

आता तुमच्याशी दोन शब्द. अध्यक्षांचा गुडघा तुम्हाला आधीच सांगितला होता. खोकाही दाखवला होता. दार लागलं तेव्हा त्या खोक्यात काय असेल, तो गुडघा सात मजले कसा चढेल, हे तुमच्या मनात आलं का? नाही आलं. गोष्ट डॉक्टरांच्या बाजूने सांगितली, मधे दोनचार विनोद पेरले, 'बिचारे' म्हटलं, 'त्यांची काय चूक' म्हटलं, की झालं. तुम्हीही लिफ्टमध्ये शिरून पिशव्या सांभाळत उभे राहिलात. डॉक्टरांनी निदान बटण दाबायचे कष्ट तरी घेतले. तुम्ही नुसते हसलात.