हँडबॅगेतली सवत

निशिगंधाने सुशांतचे लोकरीचे जाकीट कपाटातून काढले, तेव्हा त्याला फार बरे वाटले. काबिनीच्या जंगलात पहाटे गारठा असतो, बायकोच्या लक्षात आहे तर! मग तिने ते जाकीट पलंगावर पसरले, तोफेएवढी लेन्स त्यावर अलगद निजवली आणि दोन्ही बाह्यांनी तिला गुंडाळून टाकले.

"आणि मी काय घालू?"

"तू तर जिप्सीत खाली बसून राहतो. तुला कुठला वारा लागतोय यार?"

बाईच्या संसारात दुसरी आली, तर निदान तिला सवत म्हणून तिच्या नावाने बोटे मोडता येतात. पुरुषाच्या संसारात कोणी आले तर त्याला काय म्हणायचे, यासाठी मराठीत शब्दच नाही, याचे सुशांतला वाईट वाटे. त्याचा पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत नळाच्या तोट्यांचा छोटा कारखाना होता. निशिगंधा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवी आणि सुट्टी लागली की जंगल गाठी. लेन्सला ओल सोसत नाही म्हणून घरात तिच्यासाठी आत दिवा असलेले वेगळे कपाट आले होते. सुशांतला काय सोसत नाही, हे कोणी विचारले नव्हते.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने निशिगंधाची बॅग काट्यावर ठेवायला लावली आणि मान हलवली. "मॅम, हँडबॅग में सात किलो ही अलाउड है. ये तो बहुत ज्यादा है. चेक-इन करा दीजिए."

निशिगंधाने बॅग छातीशी धरली. "खाली सामानात? तिथे फेकाफेकी करतात!"

"जाऊ दे ना," सुशांत म्हणाला. खरे तर बॅगांच्या ढिगाखाली चेपलेली लेन्स डोळ्यांपुढे येऊन त्याला जरा गुदगुल्याच झाल्या होत्या.

"गप बस. जॅकेट घाल."

जॅकेट म्हणजे तिचे बिनबाह्यांचे, खिशाखिशांचे फोटोग्राफीचे जॅकेट. ते त्याच्या अंगावर चढले. खिशांत बॅटऱ्या, चार्जर आणि लहान लेन्सा गेल्या. गळ्यात दोन कॅमेरे आले. बॅगेत मोठी लेन्स तेवढी उरली आणि काटा सातच्या आत आला. निशिगंधाचा खांदा धरला होता, म्हणून ती बॅगही सुशांतच्याच पाठीवर गेली. निशिगंधाच्या हातात राहिली ती बेंगळुरूच्या आत्यासाठी घेतलेली शेवेची पिशवी.

तपासणीच्या जागी बायकांची रांग वेगळी. निशिगंधा पडद्याआड गेली आणि इकडे जवानाने बॅग उघडायला सांगितली. जाकिटाच्या बाह्या सुटल्या, लेन्स बाहेर आली, तशा मागच्या चार-पाच माना उंचावल्या.

"फोटोग्राफर हैं आप?" जवानाने विचारले.

सुशांतने पडद्याकडे पाहिले. नाही म्हटले असते तर सामान कोणाचे, तुमच्याकडे कसे, अशा शंभर चौकशा झाल्या असत्या, असे त्याने पुढे बायकोला सांगितले. खरी गोष्ट अशी, की इतक्या अदबीने त्याला कोणी कित्येक दिवसांत काही विचारले नव्हते.

"जी," तो म्हणाला.

"टाइगर लिया है कभी?"

"लिया ना भिया!"

आणि त्याने कान्हाच्या जंगलातल्या वाघिणीची हकिकत सुरू केली. धुके, सांबराची हाक, गवतातून आलेले ते दोन कान. हकिकत अक्षरन् अक्षर निशिगंधाची होती. सुशांत त्या वेळी जिप्सीत खाली बसून संत्रे सोलत होता.

"पाँव सुन्न पड़ गए थे, लेकिन मैं हिला नहीं..." तो म्हणाला आणि पडदा सरकला.

"पाँव?" निशिगंधा पुढे आली. "किसके पाँव?"

"मैडम, आगे चलिए. सर से बात हो रही है."

"मेरी मिसेज हैं," सुशांत घाईने म्हणाला.

"अच्छा, साथ में आती हैं! सर का मन लगा रहता होगा."

गेटपाशी ती त्याच्यावर तुटून पडली. "काय बोलून राहिला होतास तिथे? ती वाघीण माझी आहे!"

"हळू बोल ना. परत बॅग उघडतील."

तेवढ्यात तपासणीच्या रांगेत मागे असलेली एक मुलगी धावत आली. तिला सरांबरोबर फोटो हवा होता. तिने मोबाइल निशिगंधाच्या हाती दिला. "आंटी, प्लीज?"

निशिगंधाने दात आवळून मोबाइल धरला. पण वाईट फोटो काढणे तिला जमेना. "उजेड मागून येतोय. इकडे वळ," ती नवऱ्यावर खेकसली.

विमानात त्यांच्या जागा पार मागे होत्या आणि वरचे कप्पे गच्च भरलेले. हवाई सुंदरी म्हणाली, बॅग खाली पाठवावी लागेल.

"नाही!" दोघे एकदम ओरडले. आपण का ओरडलो, हे सुशांतला कळले नाही.

हवाई सुंदरीने त्याचे खिसे पाहिले, गळ्यातले कॅमेरे पाहिले. "सर, पहली रो में एक सीट खाली है. ऊपर जगह भी है. आप बैग लेकर वहीं आ जाइए."

"मी जाते," निशिगंधा म्हणाली.

"सॉरी मॅम, सामान जिनका है, वही आएँ तो अच्छा."

आता खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. सुशांतने ते मनात जुळवलेही. मग त्याने आपली मधली जागा पाहिली. तिच्या एका बाजूला एक गृहस्थ आताच घोरत होते.

"तू बस, निशी," तो म्हणाला. "मी बघतो तिच्याकडे."

पहिल्या रांगेत पाय लांब करता येत होते. सुशांतने डोळे मिटले. ढगांत विमान हादरले, तसा तो दचकून उठला आणि पट्टा सोडायची परवानगी मिळताच त्याने वरचा कप्पा उघडून बॅगेची चेन सरकवली. जाकीट एका बाजूने घसरले होते. त्याने ते नीट केले, बाह्या पुन्हा गुंडाळल्या आणि वर हलकेच एक थाप मारली.

मग त्याने मागे पाहिले. दूर, शेवटच्या रांगांत निशिगंधा अर्धवट उठून, मान बाहेर काढून, एकटक पुढे बघत होती. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण तिच्या डोळ्यांत असा जळफळाट त्याने पाहिला नव्हता. सुशांतला आतून उबदार वाटले. त्याने हात हलवला. तिने काही हलवला नाही.

तो जळफळाट नवऱ्यापायी होता की लेन्सपायी, हे मात्र इतक्या लांबून कळेना. आणि जवळ जाऊन विचारायचे धाडस त्याने बेंगळुरूपर्यंत केले नाही.