आयदर, सर

"दस्मानची खोली हवी, की जहराचं घर?" कंपनीच्या पार्कर साहेबाने विचारले, आणि रियाज नम्रपणे म्हणाला, "आयदर, सर."

त्याची बायको झुलेखा पुढच्या महिन्यात मुंबईहून बोटीने निघणार होती. दस्मान म्हणजे कुवेत शहराचा किनाऱ्यालगतचा भाग; तिथल्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत असे. खाडीकाठी वाढलेल्या झुलेखाला हीच खोली मिळावी म्हणून रियाज रोज नमाजानंतर दुआ मागत होता. जहरा म्हणजे शहरापासून लांब, वाळवंटाच्या तोंडाशी विहिरी आणि खजुराच्या बागा असलेला गाव. तिथे त्याला मुळीच जायचे नव्हते. तरीही तो "आयदर" म्हणाला, कारण साहेबाने आत्ता कुठे पहिल्यांदा विचारले होते.

रत्नागिरीकडच्या त्याच्या गावी पाहुण्याला काहीही तीनदा विचारीत. पहिल्यांदा पाहुण्याने नको म्हणायचे, दुसऱ्यांदा काहीही चालेल म्हणायचे आणि तिसऱ्यांदा मनातले सांगायचे. पहिल्या विचारण्यालाच "कोंबडी" म्हणून मोकळ्या झालेल्या एका नवरदेवाची सोयरीक मोडल्याचे रियाजने डोळ्यांनी पाहिले होते. तो कुवेतला आला तेव्हा त्याच कंपनीतल्या, त्याच्याच खोलीत राहणाऱ्या नझीरने त्यात थोडी सुधारणा केली होती.

"साहेबाला 'नको' नाय म्हणायचं, त्याला राग येतो. सुरवातच 'आयदर'पासून कर. दोनातलं कुठलंही चालंल, असा अर्थ. लय अदबीचा शब्द हाय."

"आयदर की ईदर, नझीरभाय?"

"दोन्ही बोलतात."

"पण बोलू कुठलं?"

"कुठलंही चालंल मियाँ, तेच तर शिकवतोय तुला."

तेव्हापासून चहा की कॉफी या प्रश्नाला रियाज "आयदर" म्हणत होता आणि पुढच्या विचारण्याची वाट बघत कडू कॉफी पीत होता. ते विचारणे कधी आले नव्हते. पण बायकोच्या घराची गोष्ट कॉफीसारखी नाही, तेव्हा साहेब नक्की पुन्हा विचारील, असा त्याचा हिशेब होता.

"छान," साहेब म्हणाला. "मग तू जहरा घे. नझीरला दस्मानच हवंय."

रियाज तडक नझीरच्या टेबलापाशी गेला. "तू साहेबाला काय बोललास?"

"दस्मान बोललो. माझी बी बायको येतेय ना, बानू."

"आणि आयदर?"

"आयदर तुझ्यासाठी. मी इथं दहा वर्षं हाय, मी काय पाहुणा?" पण रियाजचा चेहरा बघून नझीरला वाईट वाटले. "असं कर, साहेबाच्या नजरेसमोर राहा. दिसलास की इचारील परत. इचारलंन की खोली तुझी, बानूला मी समजावतो."

रियाज नजरेसमोर राहू लागला. साहेब दारातून आला की हा दारात, जिन्यावर गेला की हा जिन्यावर. दिसेल तेव्हा साहेब त्याला विचारीही, पण भलतेच. पंख्याखाली बसायचंय की खिडकीशी? "आयदर, सर." त्याचे टेबल मध्ये आले, जिथे वाराही लागत नव्हता आणि उजेडही पोचत नव्हता. सकाळची पाळी की संध्याकाळची? "आयदर, सर." त्याला दोन्ही पाळ्या आलटून पालटून लागल्या. शेवटी एक इंग्रज कुटुंब देश सोडून निघाले, तेव्हा साहेबाने मायेने विचारले, "नव्या घरासाठी काय पाठवू? त्यांचा पियानो की त्यांची बकरी?"

या प्रश्नावर कुणीही चपापले असते. रियाजही चपापला, पण सवय गेली नाही.

साहेबाला ठरवता आले नाही, म्हणून त्याने दोन्ही पाठवले. पियानो जहराच्या घराच्या दारातून आत जाईना. त्याला अंगणात, खजुराच्या झावळ्यांच्या मांडवाखाली उभा केला. बकरी पहिल्या दिवशीच त्याच्यावर चढली आणि तिथेच राहू लागली.

झुलेखा आली. तिने विहीर पाहिली, खजुराची झाडे पाहिली, पियानोवरची बकरी पाहिली.

"चुकलंच माझं," रियाज म्हणाला. "तुला दर्या दाखवायचा होता."

"बरं हाय की हे," झुलेखा म्हणाली. बिचारी किती सोसते, या विचाराने रियाजला जेवण गेले नाही. पुढे रोज तो माफी मागे, ती "बरं हाय" म्हणे, आणि रोज त्याचे जेवण राही.

एका शुक्रवारी पियानो बघायला पार्कर साहेब स्वतः आला. झुलेखाने नारळाच्या रसातले घावन आणि तांदळाची भाकरी केली होती. दोन ताटल्या पुढे करून तिने नवऱ्याला सांगितले, "इचारा, घावन की भाकर."

रियाजने विचारले. परक्या घरात अवघडलेला साहेब म्हणाला, "आयदर."

"परत इचारा," झुलेखा म्हणाली. "लाजतायत ते."

"खरंच, कुठलंही."

"अजून एकदा इचारा."

तिसऱ्यांदा विचारल्यावर साहेबाने दोन्ही ताटल्या नीट न्याहाळल्या. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? ज्यात नारळ नाही ते. नारळ मला सोसत नाही. पण आजवर मला कुणी इतक्या वेळा विचारलंच नाही." त्याला भाकरी मिळाली. ती खाताखाता त्याला काहीतरी सुचले.

"रियाज, तुला कॉफी आवडते?"

"आयदर, सर."

"आवडते का?"

"चालते, सर."

"आवडते का रे?"

"नाही, सर."

"आणि जहरा?" हेही साहेबाने न कंटाळता पुन्हापुन्हा विचारले, आणि रियाजच्या तोंडून एकदाचे दस्मान निघाले. नझीरची बानू अजून आली नव्हती, खोली मोकळीच होती. उद्या ट्रक पाठवतो, असे साहेबाने सांगून टाकले.

रियाज धावत चुलीपाशी गेला. "झुलेखा, उद्या दस्मानला जायचं. खिडकीतून दर्या दिसतो."

झुलेखाने तव्यावरचे घावन उलटले. "मला कुणी इचारलं?"

रियाज चुलीपाशी उकिडवा बसला. खरेच कुणी विचारले नव्हते. "बोल, दस्मान की जहरा?"

"तुमी म्हणाल तसं."

"तसं नाय. बोल."

"मला काय, कुठंही चालंल."

"झुलेखा."

"दर्या नको," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासून खिडकीत बसून दर्याच बघितला. तुमी त्याच्यावरूनच गेलात. इथं खिडकीतून इहीर दिसते, आणि संध्याकाळी तुमी येताना दिसता."

रियाज बाहेर आला. बकरी पियानोच्या पट्ट्यांवर उतरली होती आणि साहेब तिला चारा दाखवून खाली बोलावत होता.

"काय म्हणाली बायको? कुठं राहायचं?"

"जहरा, सर," रियाज ताडकन म्हणाला.

पहिल्याच विचारण्याला आलेले हे उत्तर साहेबाला पटेना. आता त्याला रीत कळली होती. रियाजच्या खांद्यावर हात ठेवून त्याने आणखी दोनदा विचारले.