नकाशेवाल्यांचं ठरत नाही

नकाशेवाल्यांचा फोन पाण्यात पडला, तोही ऑफिसच्याच कामात. फुटलेल्या पाइपाच्या खड्ड्यावर वाकून ते फिटरला व्हॉल्व्ह कुठे गाडलाय ते दाखवत होते, तेवढ्यात वरच्या खिशातून फोनने सूर मारला. फिटरने तो चाचपडून बाहेर काढला, झटकला, कानाला लावला आणि म्हणाला, "गेला."

खरं तर त्या फोनवाचून कुणाचं काही अडत नव्हतं. पाणीपुरवठ्याचे सगळे नकाशे संगणकात गेल्यापासून नकाशेवाल्यांवाचूनही कुणाचं फारसं अडत नसे. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत ते एकटे बसत, एकटेच डबा खात आणि संध्याकाळी घरी जाऊन आपलं कुलूप आपणच उघडत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोन वाजायचा तो बहुतेक वेळा चुकून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचं सामानाचं कोठार सांभाळणारे स्टोअरवाले खोलीत डोकावले. "नवा फोन घेताय म्हणे? अँड्रॉइडच घ्या. दुसरीकडे ढुंकूनही बघू नका."

ते जातात न जातात तोच वसुलीबाई हजर. "त्यांचं काय ऐकता? आयफोन घ्या, आयफोन! एकदा घेतला की डोक्याला ताप नाही."

त्याचं असं होतं, की या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दोन टेबलं लागत. खिडकीपाशी आयफोनवाले, दारापाशी अँड्रॉइडवाले. दोन्हीकडे माणसं मोजून सारखीच, त्यामुळे कुठला फोन चांगला या वादाचा निकाल काही लागत नव्हता. आता एक माणूस मोकळा सापडला होता, आणि त्याला सोडायला कुणीच तयार नव्हतं.

नकाशेवाल्यांच्या खोलीत वर्दळ सुरू झाली. कुणी चहा घेऊन येई, कुणी खुर्ची ओढून बसे. स्टोअरवाल्यांनी आपला जुना फोन वापरून बघायला दिला. वसुलीबाई त्यांना दुकानात घेऊन गेल्या. नकाशेवाल्यांना फोनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एक गोष्ट मात्र चटकन कळली. माणूस जायला उठला की त्याला एखादी शंका विचारायची. मग तो उत्तर घेऊन उद्या परत येतो.

"बाकी सगळं पटलं," ते स्टोअरवाल्यांना म्हणत, "पण फोटोंचं काय?"

"फोटोंचं उद्या काढूनच दाखवतो ना!"

वसुलीबाईंनी मन वळवत आणलं की विचारत, "पण माझे जुने नंबर यात कसे येणार?" जुने नंबर होतेच किती! त्यातलाही एक गॅसवाल्याचा. महिनाभर नकाशेवाले शीळ घालत जिना चढले. रविवार त्यांना खायला उठे.

पण मग वसुलीबाईंनी एकदा त्यांना आपल्या टेबलावर जेवायला बसवलं आणि ते स्टोअरवाल्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी वसुली विभागाची प्रिंटरची शाई अडवली. शाई नाही म्हणून बिलं छापली गेली नाहीत. बिलं आली नाहीत म्हणून लोक विचारायला आले, आणि त्यांची रांग थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेबांनी चौकशी केली आणि नकाशेवाल्यांना बोलावणं धाडलं.

"तुमच्या एका फोनपायी सगळं ऑफिस ठप्प झालंय, कळतंय का?"

"काय करू साहेब, ठरतच नाहीये हो."

"उद्या सकाळी तुमच्या हातात फोन पाहिजे. कुठलाही घ्या! दगड घ्या, पण घ्या!"

नकाशेवाले संध्याकाळी एकटेच दुकानात गेले. दुकानदाराने "कुठला देऊ?" विचारलं तेव्हा समोरच एक अँड्रॉइड दिसत होता, त्याच्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

सकाळी स्टोअरवाल्यांनी त्यांच्या पाठीवर जोरात थाप मारली. वसुलीबाईंनी तोंड फिरवलं. शाई सुटली, बिलं छापली गेली. आणि त्यानंतर नकाशेवाल्यांच्या खोलीकडे कुणी फिरकलं नाही. जिंकलेल्यांचं काम झालं होतं आणि हरलेले रुसले होते. डबा उघडून नकाशेवाले दाराकडे बघत बसत. पाऊल वाजलं की नवा फोन हातात घेऊन सावरून बसत, आणि पाऊल शेजारच्या खोलीत जाई. पूर्वीचं एकटेपण निदान अंगवळणी पडलेलं होतं. आता ते बोचत होतं.

शेवटी एका दुपारी डबा तसाच टाकून ते खाली उतरले. बघतात तर टपालाच्या खिडकीपाशी ही गर्दी! टपालबाईंचा फोन बिघडला होता. एका कानाशी स्टोअरवाले, दुसऱ्या कानाशी वसुलीबाई. टपालबाई नकाशेवाल्यांच्याच वयाच्या, त्यांच्यासारख्याच एकट्या राहणाऱ्या. मधोमध बसून त्या मान डोलावत होत्या. "पटतंय हो सगळं. पण आवाजाचं काय?"

सुट्टी संपली, गर्दी पांगली. नकाशेवाले पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "बाई, एक सांगू? ठरवू नका. ठरवलंत की कुणी येत नाही."

"मला सांगताय?" पाकिटांवर शिक्के मारता मारता टपालबाई हसल्या. "मागे मला गादी घ्यायची होती. कापसाची की फोमची? आठ महिने चालली. त्याआधी चष्म्याची फ्रेम, ती जवळजवळ वर्षभर. तुम्ही किती दिवस चालवलंत?"

"महिनाभर."

"अहो, एवढी कसली घाई झाली होती?"

"साहेब ओरडले ना."

"मग साहेबांनाच विचारायचं, तुम्ही कुठला वापरता म्हणून. तेही आले असते समजवायला."

नकाशेवाल्यांना हे सुचलंच नव्हतं. "मग शेवटी गादी कुठली घेतलीत?"

"घेतेय कुठली? जुनीवरच झोपते." टपालबाईंनी पुढचं पाकीट ओढलं. "बरं, आता घेतलाच आहे तर सांगा तरी. कसा आहे फोन?"

फोन उत्तम होता. तसं सांगायला नकाशेवाल्यांनी तोंड उघडलं आणि ते थांबले.

"तसा बरा आहे," ते म्हणाले, "पण बॅटरीचं अजून नीट कळलं नाही. उद्या सांगितलं तर चालेल?"

टपालबाईंनी शिक्का खाली ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं.

"चालेल की. उद्या डबा घेऊन वरच येते," त्या म्हणाल्या. "आणि कॅमेऱ्याचं परवा बघू."